दहीपुलावर लोणी नको होतं

पहाटे साडेचारला मी दुधाचे क्रेट उतरवतो
सिडकोतल्या सहा चौकांत,
सतरा वर्षं.
अंगाला एक वास आहे, धुतल्यानं जात नाही.
आणि आता भाची म्हणते,
मामा, मी दूध सोडलं.

केतकी. धाकट्या बहिणीची.
कॉलेजसाठी माझ्याकडे असते.
गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या गावी
आईपासून चार हातांवर बांधलेलं वासरू पाहून आली
आणि जेवली नाही.
भाषण नाही, काही नाही.
दह्याची वाटी तेवढी ताटाबाहेर सरकवली,
पाहुण्याची चप्पल वाटेतून सरकवतात
तशी, हळूच.
सतरा वर्षांत मला कुणी
वासराचं विचारलं नव्हतं.

चहा कोरा चालतो. दही गेलं, ठीक.
पण सकाळच्या पावाला लावायचं काय?
कोरडा घास उतरताना तिचा गळा हलतो
आणि मी उगाच पेपर उलटा करतो.

कॉलेज रोडच्या काचेच्या दुकानात
पोरानं एक डबी पुढे केली,
वर काजूचं चित्र. तीनशे साठ.
ती तळहातावर धरून मी वजन करत राहिलो,
जणू वजनानं भाव उतरेल.
म्हटलं, नंतर येतो.
खिशात कमी असलं की सुचणारी ही लोणकढी थाप
दुकानदारालाही पाठ असते.

मग मार्गारीन. स्वस्त, पिवळंधम्मक.
वनस्पतीचंच हो, किराणावाला म्हणाला.
केतकीनं मोबाईलचा उजेड पाडून
मागची बारीक अक्षरं वाचली:
दुधाचे घन पदार्थ.
मुंगीएवढ्या अक्षरांत गाय उभी होती.

एका रविवारी खोबरेल लावून पाहिलं.
ती म्हणाली, मामा, पावाला न्हाऊ घातल्यासारखं वाटतंय.
दोघं हसलो.
पाव तसाच राहिला.

काल वसुली करून दहीपुलावरून येत होतो.
दहीपूल. आता ना दही दिसत, ना पूल,
आणि मी तिथं
लोणी नसलेलं लोणी शोधतोय,
ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा
प्रत्येक दुकानात नुसता भाव विचारत.
रविवार कारंजाजवळ भट्टीवाल्या रऊफभाईनं
न मागता चार दाणे कागदावर ठेवले.
मी साल चोळली, फुंकली,
एक दाणा चिमटीत दाबला.
बोटांना तेल.

अर्धा किलो, नव्वद रुपये.

घरी मिक्सर. आधी नुसतं कूट, उपासाचं.
मग भांड्याला चिकटलं, ढेकूळ झालं,
मिक्सर तापला, जळका वास सुटला.
झाकणावर हात ठेवून थांबलो.
बहिणीचा फोन वाजला, घेतला नाही.
परत फिरवलं, परत थांबलो, पुसून काढलं, फिरवलं.
आणि केव्हातरी, नेमकं केव्हा ते निसटलंच,
आवाज बदलला.
खडखड होती तिची घरघर झाली,
मग एक जड, ओली गप्प फिरकी.
मीठ टाकलं. चमचाभर घाण्याचं तेल.

हे लोणी नाही, केतकी म्हणाली,
चमचा चाटत.
नाही, म्हटलं.
तपकिरी आहे. टाळूला चिकटतं. तव्यावर वितळणार नाही.
तरी तिनं ते पावाला लावलं,
कडेपर्यंत,
कोपरेसुद्धा.

दुधाच्या बिलामागे मी हिशेब मांडला,
पंधरा दिवसांची बरणी, महिन्याच्या दोन,
आणि मिक्सर जळाला तर?
ते लिहिलं नाही.

आज पहाटे क्रेट उचलताना
हातांना दाण्यांचा वास होता,
दुधाच्या वासावर की खाली, सांगता येईना.
चौथ्या चौकात एक पिशवी फुटली.
पांढरी रेघ उतारानं निघाली, गटाराकडे,
सावकाश, वाट विचारत.
मी पाहत राहिलो.
मग वहीत लिहिलं:
एक कमी.